फाल्गुन-चैत्र आणि घरातली बारकी पोरं: तुमचे अनुभव लिहा

होळीच्या आधी आठवडाभर कोल्हापुरात आमच्या गल्लीत टिमक्या सुरू होतात, त्याही ऐन दुपारी. मुलगी चार वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. शाळा सकाळची झाली की पोरं जेवायच्या आधीच घरी, आणि दिवस मावळायला अजून सात तास असतात. चटणी, वाळवण, पाडवा, जोतिबा, सगळं याच दोन महिन्यांत एकावर एक येतं. पोरांना बाजूला बसवून काम उरकायचं की त्यांना कामात घ्यायचं, हा प्रश्न मला रोज पडतो.

यंदाचा एक प्रसंग सांगते. आपल्याकडं होळी लहान करून शेणी, म्हणजे गोवऱ्या, पंचगंगा स्मशानभूमीला द्यायची रीत आता बरीच रुजली आहे. तिथं महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, त्याला या शेणी उपयोगी पडतात. गल्लीतल्या मोठ्या पोरांनी पोती भरायला घेतली, तसा आमचाही त्यांच्यात गेला. रात्री जेवताना विचारतो, “पणजोबांना कुणाच्या शेणी होत्या?” मागच्या श्रावणात आजेसासरे गेले, तेव्हा आम्ही त्याला शेजारी ठेवलं होतं. मी म्हटलं, “कुणीतरी दिल्या असतील बाळा, आपल्याला नाव माहीत नाही.” तो काही बोलला नाही. सकाळी उठून आमच्या होळीसाठी ठेवलेल्या पाचातल्या दोन त्यानं उचलल्या आणि पोत्यात टाकून आला. आमची होळी तीन शेणींची झाली. पुरणपोळी नेहमीसारखीच झाली.

तुमच्याकडं हे दिवस कसे जातात? मोठं काही नको. एखादी दुपार, एखादा सण, एखादं दुखणं, जे आठवेल ते लिहा.

*

मंगळवार पेठ, पाच वर्षांच्या मुलाचा बाप

चटणीचं लिहितो. आमच्याकडं वर्षाची चटणी एकदम होते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. मिरच्या दोन दिवस गच्चीवर वाळल्या की देठं काढायला सगळं घर बसतं. मागच्या वर्षी मुलगाही बसला. मी कौतुकानं बसवला, ती चूक माझी. अर्ध्या तासानं त्यानं डोळा चोळला आणि जो हंबरडा फोडला, तो अजून कानात आहे. डोळ्यावर भरपूर साधं पाणी मारत राहिलो, दहा-पंधरा मिनिटं तरी. पाण्याशिवाय दुसरं काही डोळ्यात घालायचं नाही. हाताची आग मात्र नुसत्या पाण्यानं जात नाही, कारण मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. आईनं त्याच्या बोटांना गोडंतेल चोळलं, मग साबणानं हात धुतले, तेव्हा तो थांबला.

यंदा त्याला मिरची दिली नाही. लसूण सोलायला दिला, खोबरं भाजताना ताटली धरायला दिली. कांडपाला मात्र बरोबर नेला. दाराबाहेर उभा राहून शिंकत होता, पण आत ओतलेली लाल रास बघून हलायला तयार नव्हता. डबा घरी आणताना एक कान त्याच्या हातात होता.

*

शिवाजी पेठ, आजी

माझी नात पुण्यात असते, सहा वर्षांची. परीक्षा झाली की येते, आणि आली की कुरडयांच्या मागे लागते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. त्याला आंबूस वास येतो. तिची आई नाक धरते, ही पातेल्यात वाकून बघते. वाटून, गाळून, रात्रभर ठेवलं की वर पाणी आणि खाली पांढराशुभ्र चीक बसतो. पहाटे पाचला चूल पेटवते, कारण ऊन चढायच्या आत कुरडया पडल्या पाहिजेत. तिला उठवायचं नाही असं ठरवलेलं असतं, पण ती माझ्या आधी पायरीवर येऊन बसलेली असते.

चीक शिजताना सारखा हलवावा लागतो, नाहीतर गुठळ्या होतात. पांढरा रंग जाऊन तो काचेसारखा झाला की समजायचं, झाला. पहिली वाटी तिची. दूध-साखर घालून, फुंकर मारत. नंतर ती सोऱ्याखाली फडकं सारखं करते आणि दिवसभर कावळे हाकलते. मागच्या वैशाखात वळीव आला, तेव्हा धो धो पावसात चार वर्षांच्या शेजारच्या पोरासकट आम्ही सगळ्यांनी फडक्याची टोकं धरून पळत खाली आणलं. निम्म्या वाचल्या.

आपल्याकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, ते तिला आठ दिवसांत लागतं. पुण्याला निघताना गाडीत बसून म्हणाली, “आजी, मी जातो हं.” तिची आई बघतच राहिली. मला फार बरं वाटलं.

*

कसबा बावडा, दोन मुलींची आई

यंदाचा पाडवा आमचा कांजिण्यांत गेला. थोरलीच्या वर्गात साथ होती. मार्च-एप्रिलला ती दरवर्षी असतेच. आधी दोन दिवस नुसती कणकण, मग पोटावर चार पुरळ, संध्याकाळपर्यंत पाण्यानं भरलेले फोड. मी धाकटीला लगेच माहेरी पाठवली, पण उपयोग झाला नाही. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते, हे मला डॉक्टरांकडं गेल्यावर कळलं. बरोबर पंधराव्या दिवशी धाकटीला उठल्या. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही, शेजार नाही. तापाला डॉक्टर सांगतील तेच औषध द्यायचं, अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नाही. नखं बारीक कापली, कॅलामाइन लावलं, सुती झबली घातली. कांजिण्यांची लस निघाली आहे, पण सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, विकत घ्यावी लागते. ज्यांची पोरं अजून लहान आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा, म्हणून हे सविस्तर लिहिते.

सासूबाईंनी अंथरुणाभोवती कडुलिंबाचे डहाळे ठेवले. मी अडवलं नाही. पाडव्याला गुढीला बांधायचा लिंब त्यातूनच घेतला. साखरेची माळ थोरलीच्या गळ्यात घालता येईना, मानेवर फोड होते. मग ती खिडकीच्या गजाला बांधली. तिनं पडल्या पडल्या एकेक गाठी मोडून खाल्ली.

*

उचगाव

आमचं लहानसंच. मुलगी दूध पीत नव्हती. रात्री गाडीवर पुढं बसवून गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर नेली. समोर म्हशीची धार काढली, पेला फेसानं भरला. बघत बघत प्याली आणि म्हणाली, “तिला थँक्यू म्हण.” आता घरचंही पिते, पण आधी विचारते, कुठल्या म्हशीचं?

*

शुक्रवार पेठ, तीन वर्षांच्या मुलीचा बाप

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर लहान पोर घेऊन जायची माझी छाती होत नाही. लाखांनी माणूस, वर एप्रिलचं ऊन. यात्रेनंतर देऊळ धुऊन काढतात ती पाकाळणी, आम्ही त्या पुढच्या रविवारी जातो. पण पौर्णिमेच्या आधी सासनकाठ्या वाजतगाजत निघतात, त्या बघायला तिला खांद्यावर घेऊन उभा राहतो. तीस-तीस फुटांची काठी एक माणूस तोलून नाचवतो आणि चहूकडून ‘चांगभलं’ उठतं, तेव्हा तिचे दोन्ही हात माझ्या केसांत घट्ट असतात. गुलाल डोळ्यात जाऊ नये म्हणून तिच्या आईची ओढणी बांधतो. घरी आल्यावर दवण्याची काडी उशाशी ठेवून झोपते.

पौर्णिमा झाली की दुसऱ्या रात्री अंबाबाईचा रथ. यंदा नऊ वाजताच ती झोपली, तरी तशीच खांद्यावर टाकून नेली. गर्दीतही उठली नाही. रथ जवळ आला, फटाक्यांचा आवाज झाला तशी दचकून जागी झाली आणि समोर दिव्यांनी उजळलेली देवी. रडेल असं वाटलं. तिनं हात जोडले, मग माझेही दोन्ही हात धरून जोडायला लावले.

रथ पुढं गेला, माणसं पांगली. रस्त्यावरच्या रांगोळ्या तोवर पायांखाली पुसट झाल्या होत्या. तिला खाली उतरवलं तर ती रस्त्यात पाय ठेवीना. “रांगोळी आहे,” म्हणाली. मग दुकानांच्या पायऱ्यांकडेनं, माझं एक बोट धरून, ती सराफांच्या गुजरीभर चालत आली.