पासवर्ड वाटण्यापेक्षा स्टीम फॅमिलीज बरं

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातलं एकच खातं दोघा भावंडांना चालेल का, असं विचारलंय. चालवू नका. २०२४ पासून स्टीम फॅमिलीज ही सोय आहे ना! एका घरातले सहा जण आपापल्या खात्यातून एकमेकांचे गेम खेळू शकतात, सेव्हही (गेम कुठवर आला त्याची नोंद) प्रत्येकाचं वेगळं. दादाने जपलेल्या सेव्हवर धाकटीने 'न्यू गेम' दाबलं, ही रडारड तरी थांबते. दोघांनी एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळले तरी चालतं. तोच गेम हवा असेल तर मात्र दोन प्रती लागतात. घेण्याआधी स्टोअरच्या पानावर 'फॅमिली शेअरिंग' लिहिलंय का तेवढं बघा, सगळेच गेम वाटता येत नाहीत. आणि धाकट्याने तुमच्या प्रतीवर चीट (फसवणुकीची युक्ती) वापरून बॅन, म्हणजे बंदी, ओढवून घेतला, तर त्या गेममध्ये तुम्हीही बॅन होता. हे त्याला आधीच नीट समजावून सांगा.