ग्रनोब्लला एक्सचेंज सेमिस्टर: जावं की प्लेसमेंटसाठी पुण्यात थांबावं?

स्वरा_धायरी

नमस्कार. मी पुण्यात एमबीए करतेय, पहिलं वर्ष संपत आलंय. कॉलेजच्या एक्सचेंज यादीत माझं नाव लागलंय. सप्टेंबर ते डिसेंबर, फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या बिझनेस स्कूलमध्ये. फी इथलीच भरायची, तिथे वेगळी ट्यूशन फी नाही. राहणं, खाणं, विमान आपलं आपण. संमतीपत्र शुक्रवारपर्यंत द्यायचंय आणि घरात रोज रात्री जेवताना हाच विषय.

बाबा म्हणतात, प्लेसमेंट ऑक्टोबरात सुरू होतं आणि नेमकी तेव्हाच तू तिकडे. चार महिन्यांसाठी सव्वाचार लाख घालायचे आणि नोकरीही हातची गेली तर? त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही, पैसे त्यांच्या पीएफमधले आहेत. आई काहीच बोलत नाही. पण परवा तिने साजूक तुपाची एक बरणी फडताळात वेगळी काढून ठेवलेली मला दिसली.

मला जायचंय. मी आजवर एकटीने मुंबईपलीकडे प्रवास केलेला नाही. वर्गात साठ जण आहेत, मी मनात वाक्य जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. चार महिने अनोळखी ठिकाणी राहिले तर हे बदलेल असं वाटतं, पण असं वाटण्यावर बाबांचे पैसे लावायचे का?

कुणी जाऊन आलं असेल तर सांगा. तिकडचे विषय इथे धरतात का? प्लेसमेंटचं काय केलंत? आणि राहायच्या जागेचं?

कर्वेनगरकर

मी २०१६ मध्ये अशीच संधी सोडली, घरात बहिणीचं लग्न होतं. आता हिंजवडीत बरं चाललंय, पण ते पत्र अजून फाइलमध्ये आहे. तरी दोन गोष्टी सांगतो. एक, कर्ज काढून जात असशील तर जाऊ नकोस. दोन, पदवी पुण्याचीच मिळणार. तिकडे शिकून संपल्यावर नोकरी शोधायला थांबायची जी सवलत मिळते ती फ्रान्सची पदवी घेणाऱ्यांना, एक सेमिस्टर करणाऱ्यांना नाही. आमच्या बॅचमधली दोन मुलं हे गृहीत धरून गेली आणि जानेवारीत हिरमुसून परत आली. तू ते मनात धरू नकोस.

मृण्मयी

स्वरा, मी २०१८ च्या सप्टेंबरात ग्रनोब्ललाच गेले होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी 'जा' म्हणणाऱ्यांतली आहे. पण सही करण्याआधी विषयांचं काम पक्कं कर. मी ते केलं नाही आणि परत आल्यावर परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी उभी राहून रडले.

आपल्याकडे क्रेडिट म्हणजे वर्गातले तास, साधारण पंधरा तासांना एक. युरोपात ईसीटीएस चालतं आणि त्यात विद्यार्थ्याची सगळी मेहनत मोजतात: वर्ग, घरचं वाचन, गटकाम, परीक्षेची तयारी. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तास, आणि पूर्ण सेमिस्टरचे ३०. त्यामुळे पाच ईसीटीएसच्या विषयाला प्रत्यक्ष वर्ग तीसच तास असू शकतो. आमच्याकडच्या माणसाने कागदावर तीस तास वाचले आणि तीनाच्या जागी दोन क्रेडिट लिहिली. त्याला कुणी समजावलंच नव्हतं, आणि मलाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. शिवाय तिथे पोहोचल्यावर माझा एक विषय भरलेला निघाला, मी दुसरा घेतला आणि इथे कळवलं नाही. तो तर धरलाच नाही. शेवटच्या टर्ममध्ये सगळे मोकळे असताना मी एक जादा विषय करत बसले.

म्हणून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम छापून घे, त्यापुढे इथला कोणता विषय आणि किती क्रेडिट हे लिहून त्यावर सही-शिक्का घे. 'होऊन जाईल' असं कुणी तोंडी म्हटलं तर तिथून हलू नकोस. तिकडे विषय बदलला तर त्याच दिवशी ईमेल कर आणि उत्तर येईपर्यंत मागे लाग.

मार्कांचंही आत्ताच विचार. फ्रान्समध्ये मार्क वीसपैकी. दहाला पास, बाराला बरं, चौदाला चांगलं, सोळाला फार चांगलं. वीस कुणाला देत नाहीत. वाटाघाटींच्या विषयात मला साडेतेरा मिळाले, वर्गात सर्वांत जास्त सोळा होते. मी खूश होते. इथे त्याला पाचने गुणलं, साडेसदुसष्ट टक्के झाले, ग्रेड घसरली आणि सीजीपीए, म्हणजे दहापैकी एकूण सरासरी, आठच्या खाली आला. एका कंपनीची अट आठची होती. तिथल्या शाळेने वर्गात किती जणांना किती मार्क पडले याचा तक्ता पाठवला, मी दोन महिने पत्रं लिहिली. पुढच्या बॅचसाठी नियम बदलला, माझे मार्क राहिले ते राहिले. त्याचं वाईट आजही वाटतं.

आता मी तरीही 'जा' का म्हणते ते सांगते.

तिकडे गट सरच पाडतात. आमच्यात एक फ्रेंच मुलगा, एक जर्मन मुलगी, एक ब्राझीलची, एक चीनचा आणि मी. मला इथली सवय: रात्रभर जागून स्लाइड्स आपण करायच्या आणि सकाळी बोलायला दुसऱ्याला पुढे करायचं. पहिल्याच बैठकीत त्या जर्मन मुलीने विचारलं, तुला काय वाटतं? आणि ती थांबली. मी गप्प, तरी ती थांबलेलीच. कुणी मध्ये पडलं नाही, कुणी विषय बदलला नाही. त्या शांततेत मला काहीतरी वाटायलाच लागलं. तू वाक्य जुळवण्याबद्दल लिहिलंयस ना, तिथे ते जुळेपर्यंत माणसं थांबतात.

१७ नोव्हेंबरला, शनिवारी, पिवळ्या जाकिटांचं आंदोलन सुरू झालं. इंधनावरचा कर वाढणार होता म्हणून लोक चौकांतली वाहतुकीची वर्तुळं अडवून बसले. सोमवारी अर्थशास्त्राच्या सरांनी ठरलेला धडा बाजूला ठेवला. प्रदूषण कमी करायचं तर इंधन महाग करा, हे आम्ही आधीच्या आठवड्यात शिकलो होतो आणि कागदावर ते चोख होतं. आमच्या गटातला फ्रेंच मुलगा वेर्कोरच्या डोंगरातल्या गावचा. त्याची आई नर्स, रोज गाडीने ग्रनोब्लला येणारी. तिला बसच नाही, तर ती गाडी सोडून जाणार कशात, असं तो म्हणाला. आणि मी हात वर केला. मी पुण्याचं सांगितलं. आमच्याकडे पेट्रोल कितीही वाढलं तरी दुचाकी कमी होत नाहीत, कारण माणूस स्टॉपवर पाऊण तास उभा राहतो आणि बस आली तरी आत पाय ठेवायला जागा नसते. आधी बस द्या, मग कर लावा. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि पुढचा तासभर वर्ग त्यावर बोलला. डिसेंबरात सरकारने ती वाढ मागे घेतली. मी वनाजहून रोज बसने कॉलेजला जाणारी मुलगी, माझ्या त्या प्रवासात शिकण्यासारखं काही आहे हे मला आल्प्सच्या पायथ्याशी कळलं.

प्लेसमेंटबद्दल. ऑनलाइन मुलाखत चालेल का हे कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडून लेखी घे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडची वेळ आपल्या साडेतीन तास मागे असते, नंतर साडेचार. म्हणजे पुण्यात सकाळी साडेनऊची मुलाखत तिकडे पहाटे पाचला. खोलीत दुसरी मुलगी झोपलेली, म्हणून मी खाली कपडे धुण्याच्या मशीनच्या खोलीत बसून मुलाखत दिली, वर शर्ट आणि आत दोन थर्मल. ती नोकरी मिळाली नाही. जानेवारीत परत आल्यावर जी मिळाली तिथे मुलाखतीतली वीस मिनिटं त्या पिवळ्या जाकिटांवरच गेली.

स्वरा_धायरी

मृण्मयीताई, मी हे दोनदा वाचलं आणि मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मार्कांच्या भागाशी ते म्हणाले, "बघ." बसच्या भागाशी काहीच बोलले नाहीत, मला म्हणाले पुन्हा वाच. जागेचं आणि खर्चाचंही सांगाल का?

मिहिरचे_बाबा

माझा मुलगा मिहिर मागच्या वर्षी फ्रान्समधल्याच लीलला जाऊन आला, तेव्हा हे तुझ्या बाबांसाठी. व्हिसाला दरमहा ६१५ युरोंची सोय दाखवावी लागते, पण तेवढ्यात भागेल असं धरू नका. मिहिरला सगळं मिळून आठशेच्या आसपास लागायचे. पैसे एकदम पाठवू नका, तीन महिन्यांचे आधी, बाकीचे नंतर. वर्षाला दहा लाखांच्या आत परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापत नाही, त्यामुळे ती धास्ती नको. व्हिसाआधी कॅम्पस फ्रान्सची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेची, नोंदणी आणि मुलाखत असते, त्यात वेळ जातो. गणपतीत धावपळ करण्यापेक्षा मे-जूनमध्येच सुरू करा. आणि एक बाप म्हणून सांगतो, विमानतळावर मीच जास्त घाबरलो होतो.

मृण्मयी

जागा: आधी विद्यार्थी वसतिगृहासाठी शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडे अर्ज कर, खाजगी खोली त्यानंतर बघ. खाजगी घरमालक फ्रान्समधला जामीन मागतात, आपले आईवडील त्यांना चालत नाहीत. त्यासाठी व्हिजाल नावाची मोफत हमी असते, तुझ्या व्हिसावर ती मिळते का ते इथूनच बघून ठेव. व्हिसा हातात आला की त्यावर काय लिहिलंय ते नीट वाच. काही व्हिसे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन नोंदवावे लागतात, माझ्या शेजारणीचं ते राहून गेलं आणि नाताळच्या सुट्टीत तिला कुठेच जाता आलं नाही. माझ्या वेळी युरो ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात होता, आता शंभरीपुढे आहे, तेवढा माझा हिशेब वाढवून धर. दुपारी विद्यार्थ्यांच्या सरकारी खानावळीत ३.२५ युरोत पोटभर जेवण मिळायचं, रात्री मी स्वतः करायचे. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी आणून ठेव.

आणि अगं, ती तुपाची बरणी. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, मांसही नाही. तूप, पेढे, खवा, काही नको. ताजा कढीपत्ताही नको. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, बाकरवडी खुशाल ने. आईला हे तूच सांग, हळू सांग.

सप्टेंबरपर्यंत थोडं फ्रेंच कर. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्राँसेझमध्ये, जिथे जमेल तिथे. वर्ग इंग्रजीत असतात, पण बँक, डॉक्टर, घरमालक सगळं फ्रेंचमध्ये. दुकानात शिरल्यावर आधी बाँझूर, म्हणजे नमस्कार, म्हणायचं आणि मग विचारायचं. सरळ विचारलं तर ते त्यांना उर्मट वाटतं. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

स्वरा_धायरी

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तिथलं लोणी आणून कढव, अर्ध्या तासाचं काम आहे." आणि डाळ-तांदूळ भाजायला घेतले. अजून सप्टेंबरला कितीतरी महिने आहेत!

बाबा म्हणाले, सही-शिक्का आला तर मी संमतीपत्रावर सही करतो, नाही आला तर नाही. पाच विषयांचे अभ्यासक्रम छापून झालेत. उद्या अकराला परीक्षा विभाग उघडतो, बाबा अर्धी रजा टाकून बरोबर येणार आहेत. ताई, मार्कांच्या रूपांतराबद्दल विचारणारं पत्र मी लिहिलंय, तुम्हाला मेसेजमध्ये पाठवू का? वर्गातल्या मार्कांच्या तक्त्याचं वाक्य मला नीट जमत नाहीये.

मृण्मयी

पाठव. माझं जुनं पत्र सापडलं तर तेही देते. रात्री दहापर्यंत जागी आहे.