जुने मित्र, घरची माणसं आणि आपली श्रद्धा : नागपूरकरांचे अनुभव

प्रतापनगर

दसऱ्याच्या आसपास नागपुरात जुनी माणसं हमखास भेटतात. कोणी दीक्षाभूमीला आलेलं असतं, कोणी नवरात्रात कोराडीच्या जगदंबेला, कोणी नुसतं सोनं द्यायला. यंदा ओळखीतल्या दोन-तीन घरांमधून एकच गोष्ट ऐकली. कित्येक वर्षांपूर्वी सुटलेला मित्र परत आला आणि त्याच्यामुळे घरात श्रद्धेविषयी बोलणं निघालं. एरवी त्या घरांत हा विषय कधी निघत नव्हता. मला ते पटलं. घरच्यांना आपण रोज दिसतो, म्हणून ते काही विचारत नाहीत. मित्र मात्र थेट विचारतो, "तू हे कधीपासून करायला लागलास?" आणि आपण त्याला सांगत असताना घरचेही ऐकतात.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. धर्म, पंथ कोणताही असो. नावं नकोत, वस्ती लिहिली तरी पुरे. कोणाच्या श्रद्धेवर वाद नको, एवढी विनंती.

इंदोरा

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीच्या मैदानावर होते. बाबासाहेबांनी आधी चंद्रमणी महास्थविरांकडून स्वतः दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या. हे सांगताना आजोबा बसून सांगत नसत, उठून उभे राहायचे. आमच्या पिढीपर्यंत ते सगळं न शिकवता आलं. मुलापर्यंत येताना मात्र दिसत नव्हतं. तो हिंजवडीत नोकरीला, सूनही तिकडचीच. बुद्धपौर्णिमेला फोनवर "जय भीम आई" म्हणतो, पण बोलणं तिथंच थांबतं.

वसतिगृहात माझ्या खोलीत एक मैत्रीण होती. लग्न होऊन ती पुसदकडे गेली आणि पत्ता हरवला तो हरवलाच. मागच्या अशोक विजयादशमीला ती दीक्षाभूमीजवळ पुस्तकांच्या स्टॉलवर दिसली. तिथली गर्दी सगळ्यांना माहीत आहे. लोक खेड्यापाड्यातून येतात, भाकरी फडक्यात बांधून आणतात आणि जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. तिच्याही पिशवीत होती. गावच्या बायांसोबत ती रस्त्याच्या कडेलाच मुक्काम करणार होती. मी सगळ्यांना घरी घेऊन आले. मुलगा-सून सुट्टीवर आलेले होते.

रात्री जेवणं झाल्यावर सुनेनं विचारलं, "काकू, दरवर्षी एवढ्या गर्दीत कशाला येता? त्रास होत नाही?" ती म्हणाली, "माह्या सासूले गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. तिनं इथं येऊन शपथ घेतली, का आता कोणापुढं वाकणार नाही. सासू गेली. आता तिच्या जागी मी येतो." मग तिनं २२ प्रतिज्ञा एकीमागून एक म्हणून दाखवल्या. कुठे अडखळली नाही. मुलाला त्यातल्या चार-पाचच येत होत्या. त्यानं तिला परत म्हणायला लावल्या आणि सोबत म्हणत गेला. हे सगळं मी त्याला लहानपणापासून सांगत आलेय. पण आईचं सांगणं वेगळं आणि काकूचं सांगणं वेगळं.

महाल

आमचं घर वारकरी. पण वडिलांचा ताजबागच्या दर्ग्यावरही तेवढाच विश्वास. नागपुरात यात कोणाला नवल वाटत नाही. ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून शकरदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणून ठेवलं ते रघुजीराजे भोसल्यांनी. बाबांचा देह १९२५ मध्ये पडला आणि आज उमरेड रोडवरच्या दर्ग्यात कोण हिंदू, कोण मुसलमान, हे ओळखू येत नाही.

माझा शाळेतला मित्र मोमिनपुऱ्याचा. त्याचे अब्बा आणि माझे वडील सायकलवर सोबत ताजबागला जायचे. मित्र पुढे सौदीला गेला आणि बोलणं बंद पडलं. वडील गेल्याचं त्याला फार उशिरा कळलं. नागपुरात आला तसा तो थेट आमच्याकडे आला. माझी बायको सांगलीची. तिला या ताजबागच्या प्रकरणाचं कोडं होतं, पण सासऱ्यांना कसं विचारणार? मित्राला तिनं विचारलं. तो म्हणाला, "भाभी, चाचा वहाँ कुछ मांगतेच नहीं थे. बस बैठे रहते थे." मग तिनं सगळंच विचारून घेतलं. डोक्यावर पदर घ्यायचा का, नारळ चालतो का, बायकांनी कुठपर्यंत जायचं. त्याच आठवड्यात आम्ही सगळे गेलो.

परत येताना मुलगा म्हणाला, "मग आपण विठ्ठलाचे की यांचे?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी पंढरपूर कधी चुकवलं नाही आणि ताजबागही नाही." मला याहून जास्त सांगता आलं नाही. त्याला ते पुरलं की नाही, ते तो मोठा झाल्यावर कळेल.

मोहननगर

आम्ही मराठी ख्रिस्ती. माझी पोरं इंग्रजी शाळेत, त्यामुळे नाताळ म्हणजे त्यांच्यासाठी इंग्रजी कॅरल्स. हिस्लॉपमध्ये माझ्यासोबत शिकलेली एक मैत्रीण नुकतीच नागपूरला परत राहायला आली. घर ब्राह्मणाचं, गाणं शिकलेली. आल्या आल्या तिनं विचारलं, "तुझी आई टाळ घेऊन अभंग म्हणायची ते आता कोण म्हणतं ग?" पोरं बघतच राहिली. प्रभू येशूचे अभंग, तेही टाळ-मृदंगावर, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चाली मला अर्ध्याच आठवत होत्या, उरलेल्या तिच्याकडून आल्या. कॉलेजात असताना आमच्या घरी बसून ऐकलेल्या चाली तिनं इतकी वर्षं जपून ठेवल्या, याचं मला फार अप्रूप वाटलं. या नाताळला शेजारच्या घरांत जाऊ तेव्हा दोन अभंग असतील. थोरलीनं टाळ मागवले आहेत.

हुडकेश्वर

मी परमात्मा एकचा सेवक. बाबा जुमदेवजींचा मार्ग नागपूर-भंडाऱ्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. दारू-जुगार बंद, सत्य, मर्यादा, प्रेम, आणि एका परमेश्वराशिवाय दुसरी पूजा नाही. इथल्या बाकीच्यांचं सुखाचं आहे. माझ्याकडचं थोडं जड आहे, तरी लिहितो.

माझा धाकटा भाऊ दारूत पुरता बुडाला होता. डॉक्टर झाले, शपथा झाल्या. माझा जुना मित्र, पोट्टे होतो तेव्हा आम्ही एकाच पानठेल्यावर बसायचो, तोही दारूनं संपला असंच आम्ही समजत होतो. तो एक दिवस अचानक दारात उभा. चेहरा स्वच्छ, अंगावर इस्त्रीचे कपडे. भावाजवळ बसला आणि म्हणाला, "मी तुह्याहून वाईट होतो बे. चाल माह्यासंगं." भाऊ कोणाचं ऐकत नव्हता, त्याचं ऐकलं. दारू सुटली, आता तो कामावर जातो.

पण हा मार्ग घ्यायचा तर साऱ्या घरानं घ्यायचा. आईकडे सासूपासून आलेल्या महालक्ष्म्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, दोन दिवस घर भरलेलं असायचं. आई म्हणाली, "पोरगं वाचत असंन तर महालक्ष्मी रागावणार नाही." मुखवटे तिनं स्वतःच्या हातानं काकूकडे नेऊन दिले. तरी महालक्ष्म्यांच्या दिवसांत ती अजून गप्प असते. मी तिला समजवायला जात नाही. तिनं जे दिलं ते केवढं होतं, हे मला आणि भावाला दोघांनाही माहीत आहे.

धरमपेठ

हुडकेश्वरच्या भाऊंनी लिहिलं ते वाचून लिहावंसं वाटलं. प्रत्येक घरात गोष्ट जुळून येतेच असं नाही.

फुटाळ्यावर फिरताना मला शाळेतला मित्र भेटला. तो पक्का नास्तिक, मी दर शनिवारी तेलंगखेडीच्या हनुमानाला जाणारा. आता रोज सोबत फिरतो आणि रोज वाद घालतो. माझी मुलगी त्याच्या बाजूची. एकदा तिघं बसलो असताना तिनं स्पष्ट सांगितलं, "बाबा, मला देव वाटत नाही आणि मी नाटक करणार नाही." मला लागलं. पण ती हे पहिल्यांदा माझ्या तोंडावर बोलली, तेही मित्र सोबत होता म्हणून. संकष्टीला गाडी काढून मला टेकडी गणपतीला तीच नेते. बाहेर थांबते, चपला सांभाळते. तिच्याशी आता मी देवाविषयी पूर्वीपेक्षा जास्त बोलतो, कारण काही लपवायचं उरलेलं नाही.

कामठी

इंदोऱ्याच्या ताई, तुमच्या मैत्रिणीसारख्या बाया दरवर्षी आमच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारालाही येतात, दीक्षाभूमीनंतर दुसऱ्या दिवशी. यंदा त्या पुसदच्या मंडळींचा एक मुक्काम आमच्याकडे असू द्या. वरचा मजला रिकामा आहे. माझ्या नातवंडांनाही २२ प्रतिज्ञा ऐकायच्या आहेत.

इंदोरा

दादा, जय भीम. तिला आजच फोन केला. चौदा जणी आहेत, दोन पोरं वेगळी. तेवढ्या सतरंज्या असतील ना? नसतील तर माझ्याकडच्या पाठवते. आणि मुलगा म्हणतोय, तोही येतो.