लाउडन काउंटी 2027 : ‘वाढ थांबवू’ म्हणणाऱ्या उमेदवाराला मत द्यावे का?

ब्रॉडरनकर (धागाकर्ती)

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लाउडन काउंटीचा (जिल्ह्यासारख्या घटकाचा) कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सची निवडणूक नोव्हेंबर 2027 मध्ये आहे. आठ विभागांचे आठ सदस्य आणि संपूर्ण काउंटीने निवडून द्यायचा अध्यक्ष अशा नऊही जागा एकाच दिवशी लढवल्या जातात. आमच्या अॅशबर्न भागातून एक भारतीय वंशाच्या बाई उमेदवारीच्या तयारीला लागल्या आहेत. एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) कामामुळे त्या अनेकांच्या परिचयाच्या आहेत. चर्चा भूमिकेची व्हावी, व्यक्तीची नव्हे, म्हणून त्यांचे नाव देत नाही. त्यांच्या सगळ्या मांडणीचा गाभा ‘आता पुरे, वाढ थांबवा’ एवढाच आहे, आणि ओळखीच्या बहुतेक मराठी घरांनी तेवढ्यावरच मत ठरवून टाकलेले दिसते.

त्यांचा त्रागा मला समजतो. काउंटीची लोकसंख्या 2000 साली 1,69,599 होती, ती 2010 मध्ये 3,12,311 आणि 2020 मध्ये 4,20,959 झाली. नोव्हेंबर 2022 मध्ये मेट्रोची सिल्व्हर लाइन अॅशबर्नपर्यंत आली आणि स्थानकांभोवतीच्या जमिनींना नवा भाव आला. त्यातच हा परिसर जगातील सर्वांत मोठ्या डेटा सेंटर (इंटरनेटचे संगणक ठेवणाऱ्या अवाढव्य इमारती) वस्तीचा बनला आहे. तरीही केवळ या वचनावर मत देऊ नये असे माझे मत आहे, कारण ज्या गोष्टी थांबवण्याचे त्या बोलतात त्यांतील निम्म्या त्यांच्या हातात कधी येणारच नाहीत.

व्हर्जिनियात राज्याच्या विधिमंडळाने स्पष्टपणे दिलेले अधिकार तेवढेच काउंटीला असतात; डिलन रूल म्हणून ओळखले जाणारे तत्त्व ते हेच. मोजके अपवाद सोडले तर काउंट्यांमधील रस्ते 1932 च्या कायद्यापासून राज्याच्या ताब्यात आहेत. शाळा चालवते स्वतंत्रपणे निवडून आलेले स्कूल बोर्ड, पण त्याला कर लावता येत नाही, त्यामुळे पैशांसाठी ते सुपरवायझर्सच्या तोंडाकडे पाहते. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचा मार्ग राज्याचा आयोग ठरवतो. सुपरवायझरच्या हातात उरते ते जमिनीचा वापर बदलण्याच्या अर्जावरचे मत, घरपट्टीचा दर, शाळांना द्यायची रक्कम आणि काउंटीचा सर्वसाधारण आराखडा. यांपैकी जमिनीच्या वापराचा अधिकार मोठा आहे, परंतु तो वापरणाऱ्याला कायद्याची वीण ठाऊक असावी लागते.

ही वीण माहीत नसली की काय होते ते लाउडनने पाहिले आहे. 1999 मध्ये ‘अनिर्बंध विस्तार थांबवा’ या एकाच मुद्द्यावर जवळजवळ संपूर्ण बोर्ड निवडून आले. त्या बोर्डाने 2003 मध्ये पश्चिम भागात दहा, वीस किंवा पन्नास एकरांमागे एक घर असे निर्बंध घातले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनी बहुमत पालटले, आणि 2005 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते निर्बंध रद्द केले. वाढीला आळा घालणे चूक होते, असे काही न्यायालयाने म्हटले नव्हते. सुनावणीपूर्वी प्रसिद्ध केलेली जाहीर सूचना पुरेशी स्पष्ट नव्हती, एवढ्यावर चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली. 2006 मध्ये जे पुन्हा मंजूर झाले ते तडजोडीचे होते.

या बाईंच्या दोन्ही बैठकांना मी गेले. आराखड्यात आमचा भाग कोणत्या वर्गात मोडतो, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही वेळा मिळाले नाही.

नवमतदार

धागाकर्तीने दिलेली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला उलटा वाटतो. ‘हे आमच्या अधिकारात नाही’ हे वाक्य सत्तेवर बसलेल्या प्रत्येक बोर्डाने ढालीसारखे वापरले आहे, आणि ती ढाल खाली ठेवायला लावण्याचे काम सरळ, थोड्या भाबड्या वाटणाऱ्या वचनांनीच झालेले आहे. फार लांब जायला नको. शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीत जून 2023 च्या डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत बोर्डाच्या विद्यमान अध्यक्षा अॅन व्हीलर यांचा डेशंड्रा जेफरसन यांनी पराभव केला, आणि त्या लढतीचा मुख्य मुद्दा डेटा सेंटर हाच होता.

लाउडनमध्येही 18 मार्च 2025 रोजी बोर्डाने डेटा सेंटरची ‘बाय-राइट’ मुभा काढून टाकली. त्यापूर्वी योग्य वर्गातील जमीन हाती असली की कंपनीला सुनावणीविना बांधकाम करता येत असे. आता प्रत्येक प्रकल्पासाठी बोर्डाची खास परवानगी लागते आणि त्याआधी लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. हा अधिकार बोर्डाकडे आधीही होता. तो वापरण्याची इच्छा लोकांचा रेटा वाढल्यावर झाली. उमेदवाराने आधी बोर्डाचे वकील व्हावे आणि मगच मत मागावे अशी अट घातली, तर निवडणुकीला केवळ बिल्डरांचे सल्लागारच उभे राहतील.

हिशेबनीस

नवमतदार ज्याला विजय म्हणतात, त्याचा खर्च कोण देणार ते कोणी बोलत नाही. 2012 मध्ये लाउडनच्या घरपट्टीचा दर मूल्याच्या दर 100 डॉलरला 1.235 डॉलर होता. 2025 मध्ये तो 0.805 डॉलर होता. आठ लाख डॉलर मूल्याच्या घराला या दराने वर्षाला 6,440 डॉलर भरावे लागतात. जुना दर असता तर हीच रक्कम 9,880 झाली असती. दरातला एक सेंट म्हणजे अशा घरामागे वर्षाला 80 डॉलर. हा फरक कोणाच्या जिवावर भरून निघाला? डेटा सेंटरमधील संगणकांवर काउंटी दर 100 डॉलरला 4.15 डॉलर कर घेते, आणि या उद्योगाकडून येणारा पैसा सर्वसाधारण निधीच्या एक तृतीयांशाहून अधिक आहे. ही इमारत शाळेत मूल पाठवत नाही, सकाळी सात नंबरच्या रस्त्यावर गाडी काढत नाही. ऐंशी हजारांहून अधिक मुलांच्या शाळा चालवायच्या आहेत, आणि घर बांधले की पाठोपाठ वर्गखोली येते.

या बाई डेटा सेंटर नको म्हणतात, नवी घरे नको म्हणतात, करवाढ नको म्हणतात आणि लहान वर्ग मात्र हवेत म्हणतात. माझा विरोध त्यांच्या भाबडेपणाला नाही, या बेरजेला आहे.

आणखी एक गोष्ट अवघड वाटली तरी लिहितो. या धाग्यावर लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांचा पगार या डेटा सेंटरांवर चालणाऱ्या क्लाउडच्या धंद्यातून येतो?

ट्रेलवरचा

हिशेबनीस यांची बेरीज अर्धीच आहे. 2012 च्या दराशी तुलना करताना त्यांनी मूल्य मात्र आजचे धरले. तेव्हा आठ लाखांच्या आतबाहेर असलेली घरे अॅशबर्नमध्ये मोजकी होती. दर उतरला तसे मूल्यांकन चढले, त्यामुळे प्रत्यक्ष बिल त्या प्रमाणात कमी झालेले नाही. दुसरे असे की संगणकांवरचा कर मूळ किमतीवर कायम राहत नाही. पहिल्या वर्षी निम्मी किंमत धरतात आणि पुढे दर वर्षी ती उतरत दहा टक्क्यांवर येऊन थांबते. म्हणजे कंपन्यांनी यंत्रे बदलण्याचा वेग कमी केला, की काउंटीच्या अंदाजपत्रकाला भोक पडते. एका उद्योगावर इतका भार टाकणे धोक्याचे आहे, हे तर काउंटीचे अधिकारीही मान्य करतात.

मी डब्ल्यू अँड ओडी ट्रेल या सायकलवाटेवर रोज सायकल चालवतो. अॅशबर्नच्या पट्ट्यात एका बाजूला वीजवाहिन्यांचे मनोरे आणि दुसऱ्या बाजूला खिडकी नसलेल्या राखाडी भिंती लागतात. वारा पडलेला असला की छतावरच्या शीतयंत्रांची घरघर सायकलच्या साखळीच्या आवाजावर मात करते. डिझेल जनरेटरांची चाचणी ज्या दिवशी असते त्या दिवशी त्या भागात खिडकी उघडी ठेवता येत नाही. हा खर्च कोणत्याही बिलात लिहिलेला नसतो. कोणाचा पगार कुठून येतो हा प्रश्न येथे गैरलागू आहे. कारखान्यात काम करणाऱ्यालाही धुराविरुद्ध बोलण्याचा हक्क असतो.

बाईंना माझे मत मिळेल. त्यांना आराखडा पाठ नसेल, पण त्या आमच्या गल्लीत येऊन तो आवाज ऐकून गेल्या; विद्यमान मंडळींपैकी कोणी आलेले नाही.

डोंगरापलीकडचा

मी काउंटीच्या पश्चिम भागात राहतो, जेथे अजून खडीचे रस्ते आहेत आणि द्राक्षमळे व घोड्यांचे तबेले यांवर लोकांचे पोट आहे. पूर्वेच्या मंडळींची ‘वाढ थांबवा’ ही घोषणा ऐकली की आमच्या पोटात गोळा येतो. 2019 च्या आराखड्याने काउंटीचे उपनगरी, संक्रमणाचा (उपनगर आणि गाव यांच्या मधला) आणि ग्रामीण असे मोठे पट्टे पाडले आहेत. पूर्वेकडे घरांना नकार मिळाला म्हणून माणसे यायची थांबत नाहीत. मागणी पश्चिमेकडे सरकते, आणि संक्रमणाच्या पट्ट्यात जमिनीचा वापर बदलून मागणारे अर्ज वाढतात. मेट्रो स्थानकांजवळ दाट, उंच आणि परवडणारी घरे बांधणे हाच आमची शेते वाचवण्याचा मार्ग आहे. या बाईंचा त्यालाही विरोध आहे. थोडक्यात, त्यांना वाढ थांबवायची नसून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायची आहे.

आणि एक विचारावेसे वाटते. काउंटीच्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा आता आशियाई वंशाचा आहे. आपण आलो, तीच ती वाढ. आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी फाटक लावण्याची एवढी घाई आपल्याला का व्हावी?

नवमतदार

डोंगरापलीकडचे यांनी फाटकाचा मुद्दा भावनेवर नेला आहे. शाळा, रस्ता आणि पाणी यांची सोय आधी व्हावी आणि घरे नंतर यावीत, एवढेच मागणाऱ्याला फाटक लावणारा म्हणणे अन्यायाचे आहे. तसे पाहिले तर पश्चिमेकडील जमिनींना शेतीवापरासाठी मूल्यांकनात सवलत मिळते, आणि त्या सवलतीचा भार पूर्वेकडील घरमालकच उचलतात.

डोंगरापलीकडचा

सवलत मिळते हे खरे आहे, आणि त्या बदल्यात जमीन शेतीखाली ठेवावी लागते. ती विकून वापर बदलला, तर मागील वर्षांचा वाचलेला कर व्याजासह भरावा लागतो. शेतीच्या जमिनीला शाळा लागत नाही, रुंद रस्ता लागत नाही. हिशेबनीस यांनी डेटा सेंटरसाठी वापरलेला युक्तिवाद गायीच्या कुरणालाही लागू पडतो, फक्त कुरण घरघर करत नाही.

ग्रीनकार्डधारक

या धाग्यावरील अर्ध्या लोकांना, माझ्यासह, मतदानाचा अधिकारच नाही, कारण व्हर्जिनियात मतदार होण्यासाठी नागरिक असावे लागते. परंतु जाहीर सुनावणीत बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. मी बोललो आहे. बोलायला मोजकी मिनिटे मिळतात, आणि ज्यांनी अर्जाचा क्रमांक, जमिनीचा वर्ग आणि नेमकी हरकत सांगितली त्यांचे बोलणे सदस्य लिहून घेत होते. बाकीच्यांचे बोलणे संपण्याची वाट पाहत होते. धागाकर्तीचा मुद्दा मला म्हणूनच पटतो. आपल्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीला ही भाषा आली पाहिजे.

ब्रॉडरनकर (धागाकर्ती)

नवमतदार यांनी प्रिन्स विल्यमचे उदाहरण दिले, ते पुढे नेते. जून 2023 मध्ये अध्यक्षा हरल्या, पण नवे बोर्ड जानेवारीत येणार होते. मधल्या डिसेंबरमध्ये जुन्या बोर्डाने सुमारे 2,100 एकरांचा डिजिटल गेटवे प्रकल्प एका दिवसाहून अधिक चाललेल्या सभेत मंजूर करून टाकला. मानासासच्या ऐतिहासिक रणभूमीला लागून असलेला तो प्रकल्प मतपेटीने अडला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सर्किट न्यायालयाने ती मंजुरी रद्द ठरवली, आणि कारण पुन्हा तेच होते : सुनावणीची जाहीर सूचना कायद्याप्रमाणे दिली गेली नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेले. 2005 मध्ये जाहीर सूचनेने वाढविरोधकांना पाडले, 2025 मध्ये त्याच सूचनेने बिल्डरांना पाडले. ज्याला हा तपशील कंटाळवाणा वाटतो, त्याच्या हाती हा अधिकार देण्यात मला धोका दिसतो.

दुसरे असे की बाय-राइट मुभा काढल्याने सगळे संपलेले नाही. आधी दाखल झालेल्या काही अर्जांना जुने नियम लागू राहिले आहेत. शिवाय खास परवानगीचा अर्ज सरसकट फेटाळता येत नाही. आवाज, अंतर, उंची, वीज उपकेंद्राची जागा यांवर अटी घालाव्या लागतात, आणि त्या अटी न्यायालयात टिकाव्या लागतात. ‘मी प्रत्येक अर्जाला विरोध करीन’ असे आधीच जाहीर करणारा सदस्य विरुद्ध बाजूच्या वकिलाला आयते हत्यार देतो.

ट्रेलवरचा यांचा अनुभव मी नाकारत नाही. परंतु आमच्या विभागातील पुढचा वादाचा अर्ज आला, तर सभागृहात त्यांच्या गल्लीतील त्या आवाजाचे मोजमाप डेसिबलमध्ये कोण मांडणार आहे?

ट्रेलवरचा

मोजमाप मी स्वतः करून देईन. यंत्र घरी आहे. बाईंकडून मला फक्त मतदानाच्या वेळी हात वर झालेला हवा आहे. आठ विभागांत चार लाखांहून अधिक लोक, विषम वर्षातली निवडणूक, राज्यपालपद मतपत्रिकेवर नाही, म्हणजे मतदान कमीच होणार. एवढ्याशा फरकाने निकाल लागणार असेल तर परिपूर्ण उमेदवाराची वाट पाहणे मला परवडत नाही.

हिशेबनीस

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. व्हर्जिनियात स्थानिक निवडणुकीसाठी देणगीला कमाल मर्यादा नाही, कंपनीही हवी तेवढी रक्कम देऊ शकते. मात्र उमेदवाराला ती जाहीर करावी लागते आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. बाईंचे पहिले विवरण दाखल झाले की त्यात बिल्डर, वीज कंपनी आणि जमीनमालक यांची नावे आहेत का, ते मी येथे टाकीन. नसतील, तर बेरजेबद्दलचा माझा आक्षेप कायम ठेवूनही त्यांच्या पुढच्या बैठकीला जाईन आणि एक सेंट दर वाढवायला त्या तयार आहेत का, एवढेच विचारीन.