पक्ष्यांची तिकिटं पाकिटावरून काढायची कशी?

महालवाली: काकांच्या जुन्या डब्यात पाकिटांचे कापलेले कोपरे निघाले, तिकिटांसकट. बरेचसे पक्षीच. भरतपूरचा चित्रबलाक (१९७६, २५ पैसे) आहे, नवरंग आहे, १९९४ चे चार पाणपक्षी आहेत. लेक परात भरून बसली आहे, सगळे भिजवायला. मी जरा थांब म्हटलं. भिजवावेत का? शिवाय नागपूरचा उन्हाळा, घरात दिवसरात्र कूलर सुरू आहे, अल्बम ठेवू कुठे?

बर्डीचा_भाऊ: ताई, परात उचला आधी! १९९४ चे पाणपक्षी पाण्याजवळ नेऊच नका. त्यांची शाई पाण्यात विरघळते. हे लक्षात आल्यावर टपाल खात्याने ती तिकिटं विक्रीतून काढून घेतली होती. पाणपक्षी, आणि पाण्याचंच वावडं! अंदमानी बदक, पांढरा बलाक, काळ्या मानेचा क्रौंच, गुलाबी डोक्याचं बदक. १, ६, ८ आणि ११ रुपये. चौघं एकमेकांना जोडलेली असतील तर वेगळी करू नका. कडेने बोटभर कागद सोडून कापा आणि तशीच ठेवा. पाकिटावरच्या तिकिटाला मी तरी कमी लेखत नाही, शिक्का वाचता येतो.

चित्रबलाक नि नवरंग साध्या पाण्यात सोडा, गरम नको. खाकी किंवा रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात, नाहीतर त्यांचा रंग बाकीच्यांना लागतो. तिकीट आपोआप सुटू द्या, नखाने ओढू नका. मग कोऱ्या कागदावर पालथं वाळवा. पेपरवर नको, छपाईची शाई उमटते.

कूलरच्या खोलीत अल्बम अजिबात नको. त्या ओलीने कोऱ्या तिकिटांचा डिंक पानाला चिकटतो. आपल्याकडे पावसाळ्याआधीच मे महिन्यात हा घोळ होतो. आतल्या खोलीतल्या कपाटात, उभा ठेवा.

गोरेवाडा_दुर्बीण: नवीन तिकिटं सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयात, फिलाटेली ब्युरोला (तिकिटं जमवणाऱ्यांसाठीचा विभाग) विचारा, छापील किमतीत मिळतात. पण माझं ऐकाल तर सगळ्या जगाचे पक्षी जमवू नका, विदर्भाचे जमवा. १९८० चा माळढोक, २ रुपये ३० पैसे, जयपूरला माळढोकांवर झालेल्या परिसंवादाच्या वेळी काढलेला. आपल्याकडे वरोऱ्याच्या बाजूला असायचा. २००६ च्या संचात तणमोर आहे, तो अकोला-वाशिमच्या गवताळ भागातला. नवरंग तर पावसाळ्यात आपल्या जंगलात येतोच, लेकीला आवाज ऐकवता येईल. २०१० ची चिमणी नि कबूतर तुमच्या महाल भागातच दिसतील.

महालवाली: परात उचलली! लेक रुसली आहे, पण विदर्भाचे पक्षी ऐकून वही काढली तिने. माळढोक डब्यात नाही. नवरंग मात्र दोन निघाले.

गोरेवाडा_दुर्बीण: माझ्याकडे माळढोक जास्तीचा आहे, शिक्का मारलेला. एका नवरंगाच्या बदल्यात देतो. रविवारी जमेल का?