काय वेचलं, काय वाटलं: शरदातल्या बालवाडीचे अनुभव

माझी भाची जळगावात केजीत जाते. आश्विन लागला आणि तिच्या वर्गात ऋतूंचा तक्ता लागला: तांबडी-पिवळी पानं गाळणारं झाड, खाली लोकरी टोप्या घातलेली मुलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत होतं आणि शाळेच्या दारातला कडुनिंब हिरवागार होता. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. आत्ता खान्देशात कपाशी फुटते, मुलींच्या गाण्यांच्या सणाची भुलाबाई बसलेली असते, दसऱ्याला आपटा येतो. हेच दिवस वर्गात आणून त्यातून मुलांना एकमेकांना सांभाळून घ्यायला कुणी शिकवलंय का? अंगणवाडीच्या ताई, बालवाडीच्या बाई, आज्या, आईवडील, सगळ्यांनी लिहा. जमलं नाही तेही लिहा, ते जास्त उपयोगी पडतं.

अंगणवाडी सेविका, चोपडा तालुका

माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची सव्वीस मुलं. निम्म्यांच्या आया सकाळीच वेचणीला जातात. त्यातल्या एकीला कपाशीच्या फांद्या आणायला सांगितल्या. फवारणी कधी झाली ते आधी विचारून घेतलं आणि नंतर सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले. हे कुणीही विसरू नका. एकाच झाडावर फूल, कैरी (म्हणजे न फुटलेलं हिरवं बोंड) आणि फुटलेलं बोंड बघून मुलं हरखली. आजचं फूल पिवळसर आणि कालचं गुलाबी, हे एका मुलीने मी सांगायच्या आत ओळखलं.

मग पाकळ्या मोजल्या. कुणाच्या बोंडाला चार, कुणाच्या पाच. कापूस ओढून सरकी काढायचा खेळ लावला. तंतू घट्ट धरून बसतात, लहान बोटं दमतात. साडेतीन वर्षांच्या एका मुलीला वाळलेल्या बोंडाचं टोक टोचलं, ती रडायला लागली. शेजारचा पोऱ्या उठला, तिचं बोट धरून फुंकर घातली आणि म्हणाला, "मनी माय बी असंच करस." (माझी आईपण असंच करते.)

दुसऱ्या दिवशी त्याच पोऱ्याची आई सांगत आली की रात्री तो तिची बोटं उलटसुलट करून बघत होता. खोबरेल तेलाची बाटली स्वतः घेऊन आला. दयेवर मी त्या दिवशी एक शब्दही बोलले नव्हते.

बालवाडी शिक्षिका, धुळे

मी चुकले ते लिहिते. भिंतीवर कागदी झाड केलं होतं. ज्याने चांगलं काम केलं त्याच्या नावाचं पान झाडावर. आठवड्याभरात एका मुलाने मैत्रिणीचा डबा तिच्या हातातून ओढून घेतला आणि तिसऱ्याला देऊ लागला. "बाई, मी वाटतोय, माझं पान लावा." डबेवाली पोर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला जवळ घेतलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

झाड काढलं नाही, रीत बदलली. आता ज्याला मदत मिळाली तो सांगतो आणि तोच पान लावतो. "मला हिने पाणी ओतून दिलं." "याने माझी चप्पल शोधली." सांगताना ते मूल दुसऱ्याकडे बघतं, आणि तो बघण्याचा क्षण मला पानापेक्षा मोलाचा वाटतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, दगड, पानं हाताशी धरली. म्हणून यंदा कागदही बंद. मुलं अंगणातली गळालेली पानं उचलून आणतात.

एक आजी, पाचोरा

आमच्या लहानपणी भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसायची ती कोजागिरीपर्यंत. टिपऱ्या, गाणी आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. नातीच्या बाईंनी यंदा तेच वर्गात घेतलं. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा: फुटाणे की शेंगदाणे? कान आणि नाक दोन्ही शिकतात.

घरून खाऊ आणायची पाळी मात्र त्यांनी लावली नाही. लावली असती तर कुणाचा डबा भारी आणि कुणाचा रिकामा, ते वर्गाला कळलं असतं. सगळ्यांनी मूठ मूठ मुरमुरे आणायचे, एका परातीत ओतायचे. परातीत कुणाचं काय ते कुणाला दिसत नाही. मुलगेही टिपऱ्या घेऊन फेर धरतात, हे मला फार आवडलं.

एक वडील, अमळनेर

आपट्याबद्दल. दसऱ्याला झाडं ओरबाडली जातात, म्हणून मुलीच्या वर्गात प्रत्येकी एकच पान. मधल्या शिरेवर दुमडलं की दोन्ही बाजू जुळतात, हे तिने मला घरी करून दाखवलं. पान दिलं कुणाला? वर्गाच्या खोल्या झाडणाऱ्या मावशींना. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," असं अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला. मावशींची ओंजळ भरली, पानं खाली पडायला लागली, मग मुलं खाली बसून ती वेचून पुन्हा देत होती.

(सुरुवातीला भाचीबद्दल लिहिलं ती मी, पाचोऱ्याच्या आजींना विचारते: तुमच्याकडे पूर्वी पानं कोण आणायचं? वेळ मिळाला की लिहा. आणि घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना वर्गात टोकलं जातं का, यावरही कुणीतरी लिहा.)

अंगणवाडी सेविका, शहादा तालुका

ते मी लिहिते. आमची बरीच मुलं घरी अहिराणी, भिली नाहीतर पावरी बोलतात. "माले पानी दे" म्हणणाऱ्याला मी आधी पाणी देते. शब्द मागाहून शिकवता येतात.

पण आमच्या शरदातलं मोठं काम वेगळंच आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात, काही गुजरातेत, काही पश्चिम महाराष्ट्रात. आईबापांबरोबर मुलंही जातात. एक दिवस पटावरची सहा-सात नावं गप्प होतात आणि राहिलेली मुलं विचारतात, ती कुठे गेली? दोन वर्षांपासून जायच्या आधी आम्ही हातांचे ठसे घेतो. गेरू कालवून जाणाऱ्याचा एक आणि राहणाऱ्याचा एक, एकाच कागदावर शेजारी शेजारी. कागदाचे दोन भाग करतो. जाणाऱ्याच्या पिशवीत राहणाऱ्याचा हात जातो आणि भिंतीवर जाणाऱ्याचा उरतो.

परवा एक चार वर्षांची मुलगी भिंतीवरच्या ठशावर आपला पंजा ठेवून उभी होती. "ताई, मोठा झाला असेल ना तिचा?" मी म्हटलं, होळीला येतील तेव्हा मोजू. तिने खडूने ठशाभोवती रेघ ओढून ठेवली आहे.