रहस्यकथा आणि भयकथा: गोष्ट नेमकी कुठे फसते?

वर्षानुवर्षं रहस्यकथा आणि भयकथा वाचणाऱ्यांसाठी हा अनुभव धागा. ‘एका बैठकीत संपवलं, जबरदस्त!’ असले प्रतिसाद नकोत. गोष्ट कुठे जमते, कुठे फसते आणि का, ते सांगा. कोणाच्या पुस्तकातला खुनी फोडायचा नाही. उदाहरण लागलंच तर स्वतः रचून द्या. सुरुवात मीच करते.

माझी कसोटी साधी आहे. उलगडा झाला की पहिली तीन प्रकरणं पुन्हा वाचायची. उत्तर तिथे डोळ्यांसमोर असूनही दिसलं नसेल, तर लेखक उस्ताद. मुळात तिथे नव्हतंच, तर फसवणूक. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यातला पहिलाच हा, की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला असावा. शेवटून दुसऱ्या प्रकरणात दुबईहून सावत्र भाऊ उगवतो आणि तोच खुनी निघतो, ही चलाखी नव्हे, आळस.

दुवा दाखवायचाही आणि लपवायचाही, हे कसं साधतं? समजा, सकाळी साडेआठला इन्स्पेक्टर बंगल्याशी पोचतो. ‘फाटकाला अडकवलेली दुधाची पिशवी, कठड्यावर पेपर, पायरीभर ताजी रांगोळी, कोपऱ्यात उलटी पडलेली चप्पल.’ वाचक चपलेकडे बघतो, कारण उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पुढच्याच ओळीत आतून रडण्याचा आवाज येऊ द्यायचा. मग दोन प्रकरणांनंतर सून सहज सांगते, सहाला रांगोळी काढली, सातला मामंजी याच दाराने फिरायला गेले. रांगोळी पायरीभर आणि एक ठिपका विस्कटलेला नाही. मामंजी त्या दाराने गेलेच नाहीत. यादीतली पहिली आणि शेवटची वस्तू लक्षात राहते, म्हणून दुवा मध्ये टाकायचा आणि भडक वस्तू शेवटी.

चष्मेबद्दूर: पिशवी फाटकाला अडकवलीत हे बरं केलंत, दाराला असती तर दूधवाल्यानेच रांगोळी तुडवली असती. पण एक भोक राहिलंय. मामंजी गेल्यावर रांगोळी काढली नसेल कशावरून? वेळेला सुनेखेरीज दुसरा साक्षीदार हवा. साडेसहाला दूधवाल्याने ‘काय सुरेख काढलीय वहिनी’ म्हणावं, बस्स. त्याचं ते वाक्य कौतुक वाटलं पाहिजे, साक्ष वाटली की वाचक सावध होतो.

तिसरा पंच: मराठी रहस्यकथा चौकीत शिरली की हमखास घसरते. संशयास्पद मृत्यू झाला की बऱ्याचदा आधी एडी होते, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. मग जागेवर इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे मृतदेहाची पाहणी करून मृत्यूचं कारण नोंदवणं, त्यात आसपासचे किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी, मग मृतदेह शवविच्छेदनाला. घातपात दिसला की खुनाचा गुन्हा दाखल. एडी आणि गुन्हा यांच्यामधले हे दोन-चार दिवस रहस्यकथेसाठी सोन्यासारखे असतात. अजून कोणी आरोपी नाही, सगळे मोकळे फिरतायत, पुरावे हलवले जाऊ शकतात. लेखक ते चक्क वाया घालवतात.

कलमांची गल्लत तर विचारूच नका. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. इन्क्वेस्ट पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली व्हायचा, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ खाली. खून पूर्वी दंड संहितेत ३०२, आता न्याय संहितेत १०३. पण गोष्ट १९९५ ची असेल तर जुनीच कलमं हवीत. आजच्या गोष्टीतही जुना हवालदार तोंडाने ‘तीनशेदोन’च म्हणेल, कागदावर मात्र १०३ येईल. एवढ्या एका वाक्याने तो हवालदार जिवंत होतो.

सगळ्यात मोठी गोची शेवटाला. दिवाणखान्यात सगळे जमलेत, खुनी कोसळतो, इन्स्पेक्टरसमोर सगळं कबूल करतो, बेड्या, समाप्त. अहो, पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही! १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमात कलम २३. वाट एकच उरते. कोठडीतल्या आरोपीने पंचांसमोर निवेदन दिलं, त्यावरून विहिरीतून कोयता निघाला, तर त्या निवेदनातला कोयता सापडण्याशी थेट संबंध असलेला तेवढाच भाग ग्राह्य. ‘मी मारलं’ गळतं, ‘विहिरीत टाकलाय, दाखवतो’ राहतं. त्यातही पंच फितूर झाले की खटला लटकला. एवढं नाट्य कायद्यातच पडलंय, तरी लेखकाला कबुलीजबाब हवाच.

बचनाग: पंचांच्या पुढचं मी घेतो, शवविच्छेदनाचं. ‘मृत्यू रात्री ११.१० ते ११.२० च्या दरम्यान’ असं सांगणारा डॉक्टर दिसला की पुस्तक मिटावं. शरीराचा ताठरपणा आपल्या हवेत साधारण दोन-तीन तासांत सुरू होतो आणि बारा तासांच्या आसपास पूर्ण भरतो. आधी पापण्या, मग जबडा आणि मान, मग हातपाय. मे महिन्यात विदर्भात तो लवकर येतो आणि लवकर उतरतो, महाबळेश्वरला डिसेंबरात रेंगाळतो. त्यामुळे डॉक्टर काही तासांचा पट्टा देतो, दहा मिनिटं नाही. या पट्ट्यातच संशयितांची खोटी बयानं बसवायची असतात, म्हणजे डॉक्टरचं अज्ञान कथानकाच्या कामी येतं.

क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस लगेच गप्प, हेही खोटं. बेशुद्धीला मिनिटं लागतात, सेकंद नाही. तोवर झटापट, ओरबाडे, ओरडा, सगळं होणार.

विषाने मेलेला माणूस ‘शांत झोपल्यासारखा’ दिसतो तोही पुस्तकातच. बचनाग या विषारी वनस्पतीने तोंडाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, उलट्या होतात. आणि एक बारकावा फुकट देतो: व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातले काढलेले अवयव, तपासणीला पाठवताना आपल्याकडे सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, पण बचनागाचा संशय असेल तर ते द्रावण वापरत नाहीत. आता गोष्टीतल्या डॉक्टरला तो संशय आलाच नाही, तर?

अडसर: बंद खोलीतल्या खुनाबद्दल थोडक्यात. दोरा फटीतून घालून बाहेरून कडी लावायची युक्ती परदेशी दारांवर चालते. जुन्या वाड्याच्या मोठ्या दाराला लाकडी अडसर असतो, तो भिंतीतल्या खोबणीत सरकतो. हाताएवढं जाड लाकूड दोऱ्याने ओढायचं? विसरा. पण त्याच दारात दिंडी असते, म्हणजे माणूस वाकून आत येईल एवढं छोटं दार. सगळे मोठ्या दाराचा अडसर तपासतात, दिंडीची कडी कोणी बघत नाही. परकी युक्ती आयात करण्यापेक्षा हे बघा.

झुंजारभक्त: तुम्ही सगळे बाबूराव अर्नाळकरांना या फूटपट्ट्या लावू नका म्हणजे झालं. हजारावर पुस्तकं लिहिणारा माणूस. त्यांचे नायक काळापहाड आणि झुंजार म्हणजे वेषांतर, पाठलाग, ऐनवेळची सुटका. ती साहसकथा आहे. तिथे दुवे मोजणं म्हणजे तमाशात तंबोरा शोधणं.

तळकोकणी: भयकथेवर कोणीच बोलेना, म्हणून मी. आमच्याकडच्या भुतांची लेखकांनी पार खिचडी केलीय. प्रत्येकाची हद्द आणि वागण्याची रीत ठरलेली असते. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा, तो पिंपळाशी बांधलेला. गिऱ्हा पाण्याजवळचा, खोड्या काढून फसवणारा. चकवा वाट विसरायला लावतो, फिरवत ठेवतो, गळा दाबायला येत नाही. आजच्या कथेत हे सगळे केस सोडून किंचाळतात आणि मान मोडतात. मग नावं वेगळी कशाला?

देवचाराचं तर वाटोळंच. कोकणात आणि गोव्यात तो गावचा राखणदार. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा ग्रामदेव वेतोबा असाच राखणदार, त्याला लोक मोठाले चामडी जोडे वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरून राखण करतो अशी श्रद्धा आहे. अशा राखणदाराला ऊठसूट रक्तपिपासू करणाऱ्याला गाव माहीत नाही. त्याची भीती हवी असेल तर ती वेगळ्या जागी आहे. राखणदार रागावत नाही, नुसता राखण थांबवतो. गाऱ्हाणं घालायचं राहिलं, नारळ द्यायचा राहिला, आणि त्या रात्री कुत्री भुंकलीच नाहीत. वाचकाला नियम आधी नीट कळू द्या, दोनदा पाळला जाताना दाखवा, तिसऱ्यांदा मोडा. नियमच सांगितला नसेल तर मोडल्याचं भय कुठून येणार?

चष्मेबद्दूर: यात मोबाइलची भर. ‘रेंज नव्हती’ हे आता पटत नाही. फोन चालू ठेवा, लागू द्या. जंगलात अडकलेला माणूस घरी फोन करतो, बायको वैतागून म्हणते, ‘मस्करी पुरे, पुढच्या खोलीतून कसले फोन करताय?’ याला वीज घालवावी लागत नाही आणि पाऊसही पाडावा लागत नाही. फक्त त्यानंतर दीड-दोन पानांत गोष्ट संपवा. पुढच्या खोलीत कोण बसलंय ते समजावायला गेलात, की गेली.